पिलं काढायची: केळीच्या एका फर्मच्या डेटाबेसच्या नोंदी

७ एप्रिल २०२५, सोमवार

भुसावळ सोडून तापीचा पूल ओलांडला की दोन्ही हातांना केळीच केळी. ज्या फर्मचा डेटाबेस आवरायला मला बोलावलंय, तिचं ऑफिस सावद्याच्या अलीकडे रस्त्यालाच आहे. मागे पत्र्याची शेड, शेडमध्ये कॅरेटच्या थप्प्या. "सर्व्हर कुठे आहे?" असं विचारलं तर फर्मचे जुने कर्मचारी नाना यांनी देवाच्या फोटोखालचा जुना डेस्कटॉप दाखवला. वर उदबत्तीची राख पडलेली. हात लावण्याआधी मीही नमस्कार केला, पुढे उपयोगी पडेल म्हणून.

फर्म शेतकऱ्यांकडून केळी घेते, त्यांना पट्टी, म्हणजे मालाच्या हिशेबाची पावती, देते आणि माल दिल्लीला किंवा बऱ्हाणपूरच्या व्यापाऱ्यांना जातो. २००९ पासूनचा सगळा हिशेब मायएसक्यूएल या एकाच डेटाबेस प्रोग्राममध्ये आहे. आवृत्ती ५.७, म्हणजे जिचे अपडेट ऑक्टोबर २०२३ पासूनच बंद. ५०० जीबीच्या डिस्कवर ११ जीबी जागा उरलेली. एक पट्टी निघायला सकाळच्या गर्दीत चाळीस सेकंद लागतात, आणि तेवढा वेळ शेतकरी काउंटरवर बोटं वाजवत उभा असतो.

टेबलं मोजली: ६१२. माणसं मोजली: १४. एवढ्या धंद्याला साठ टेबलं पुष्कळ झाली. यादी वाचत गेलो. पार्टी_मास्टर, पार्टी_मास्टर_न्यू, पार्टी_मास्टर_न्यू२, पार्टी_मास्टर_फायनल, पार्टी_मास्टर_फायनल_खरं. शेवटचं नाव ठेवणाऱ्याला मनातल्या मनात हात जोडले. वापरात आहे ते 'न्यू२'.

आतापर्यंत तीन प्रोग्रामर होऊन गेले. पहिला पुण्याला गेला, दुसऱ्याने ठिबकची एजन्सी घेतली, तिसरा फोन उचलत नाही. प्रत्येकाने आधीच्याचं न मोडता शेजारी आपलं नवं उभं केलं. त्यांना नावं ठेवायचा मला हक्क नाही, मीही दोन ठिकाणी असंच करून आलोय.

संध्याकाळी फर्मचे मालक आबा यांना समजावून सांगत होतो की नको ती टेबलं काढायची, दुबार खाती एक करायची, मग नव्या मशीनवर हलवायचं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे पिलं काढायची." केळीच्या बुंध्याशी पिलं फुटतच राहतात, वेळेवर कापली नाहीत तर मुख्य खोडाचा घड बारीक पडतो. पण पिलबाग, म्हणजे पिलापासूनचं पुढचं पीक, घ्यायची असेल तर एक पिल राखावं लागतं. "कोन्तं राखायचं ते नानाले विचार. मले त्यातलं काही समजत नाही."

८ एप्रिल, मंगळवार

काही कापण्याआधी बॅकअप तपासायचा हा माझा शिरस्ता. "रोज रात्री अकराला होतो," असं सगळे एकमुखाने म्हणाले. खरंच होत होता. फोल्डरमध्ये रोजच्या तारखेची फाईल, हिरवं टिकमार्क, सगळं व्यवस्थित.

फाईलची शेपटी उघडून पाहिली. बॅकअप काढणारा मायएसक्यूएलडंप पूर्ण झाला की शेवटच्या ओळीत 'डंप कम्प्लिटेड' आणि तारीख लिहितो. ती ओळ नव्हती. आदल्या दिवशीच्या फाईलमध्ये नव्हती, त्याच्या आदल्याही नव्हती. मागे मागे जात १४ नोव्हेंबर २०२४ ला पोचलो. शेवटचा पूर्ण बॅकअप तो.

कारण क्षुल्लक निघालं. पार्टी_बाकी नावाचा एक व्ह्यू आहे, म्हणजे दुसऱ्या टेबलावरून माहिती दाखवणारी तयार यादी. तो ज्या टेबलावर उभा होता ते कोणीतरी नोव्हेंबरात काढून टाकलं. व्ह्यू तसाच लोंबकळत राहिला. डंप इंग्रजी अक्षरक्रमाने एकेक टेबल घेत जातो, या व्ह्यूपाशी आला की चूक दाखवतो आणि तिथेच थांबतो. चूक दाखवायची ती काळ्या खिडकीत, रात्री अकरा वाजता, रिकाम्या ऑफिसात. त्या अक्षरक्रमात 'पार्टी_बाकी'च्या नंतर काय येतं? पार्टी मास्टर. पट्टी. वजन. व्यापारी. थोडक्यात, पाच महिने चहापाण्याचा हिशेब तेवढा सुखरूप होता.

नानांना सांगितलं नाही. आबांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत, फक्त पंख्याचा वेग वाढवला.

व्ह्यू काढला, पुन्हा डंप घेतला, शेपटीला ओळ आली. तेवढ्यावर न थांबता माझ्या लॅपटॉपवर रिस्टोअर करून मार्च महिन्याच्या पट्ट्यांची बेरीज दोन्हीकडे काढली. रुपयाला रुपया जुळला. मगच जेवायला उठलो. शेवभाजी होती, निवून गेलेली.

१० एप्रिल, गुरुवार

डिस्कवरची जागा कशाने खाल्ली ते शोधलं. टेबलं सगळी मिळून २४० जीबी. उरलेल्यातलं १९० जीबी बिनलॉग. डेटाबेसमधला प्रत्येक बदल ओळीने लिहून ठेवणाऱ्या या फायली. तिसऱ्या प्रोग्रामरला दुसऱ्या मशीनवर जुळी प्रत ठेवायची होती, म्हणून त्याने त्या सुरू केल्या. जुळी प्रत काही झाली नाही, फायली साठत गेल्या. ५.७ मध्ये त्या किती दिवसांनी पुसायच्या याचा आकडा मुळात शून्य असतो, आणि शून्य म्हणजे कधीच नाही.

एक सावधगिरी: या फायली एक्सप्लोररमध्ये जाऊन हाताने उडवायच्या नाहीत. सर्व्हरकडे त्यांची स्वतंत्र यादी असते, ती फसते. 'पर्ज बायनरी लॉग्ज' ही आज्ञा द्यायची, ती फाईलही काढते आणि यादीही नीट करते. सात दिवसांच्या ठेवल्या, बाकी काढल्या. नुसत्या एवढ्यानेच ऑफिसात माझं वजन वाढलं. पट्टी अजून चाळीस सेकंदच घेते, पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

१२ एप्रिल, शनिवार

नानांना घेऊन बसलो. नाना इथे तीस वर्षं आहेत, कॉम्प्युटरच्या आधीपासून. ६१२ नावांचा कागद छापून घेतला आणि एकेक वाचत गेलो. त्यांनी सांगावं, मी खूण करावी.

वॅगन नावाचं टेबल निघालं. सावद्याहून दिल्लीला रेल्वेने केळी भरायचे तेव्हाच्या वॅगनवार नोंदी. नाना त्यातच रमले. वॅगन लागली की रात्रभर भरणी कशी चालायची, कोणाचा माल उन्हाने पिकून वाटेतच गेला, तासभर हेच. मी थांबवलं नाही. असल्या गोष्टी कुठल्याही कॉलममध्ये लिहिलेल्या नसतात.

पण पद्धतीत खोट होती, ती मला दुपारून जाणवली. मी टेबलाचं नाव वाचायचो, आणि नानांनी टेबलाचं नाव आयुष्यात कधी पाहिलेलं नाही. त्यांना पडद्यावरचं बटण माहीत. "टीबीएल_एसयू?" "नाही बा." "केएम_टेंप३?" "कशाले लागतं ते?" कॉम्प्युटरवर बसणारी ताई अमळनेरकडची. तिला विचारलं तर ती स्क्रीनकडे बघून म्हणाली, "हाई काय शे, दादा? मी तं आजच देखी राहिनू."

टीबीएल_एसयू मी स्वतः उघडून पाहिलं. दरवर्षी कोणीतरी दहा-पंधरा नोंदी टाकतं आणि मग वर्षभर फिरकत नाही. तारखांनाही काही ताळमेळ नाही: ३ मे २०२२, २२ एप्रिल २०२३, १० मे २०२४. चाचणीच्या असाव्यात. काढायच्या यादीत टाकलं.

१५ एप्रिल, मंगळवार

काल डॉ. आंबेडकर जयंतीची सुट्टी. आज बोंब-परीक्षा सुरू केली. ज्या टेबलाचा धनी सापडत नाही ते काढायचं नाही, फक्त त्याचं नाव बदलायचं. नावाआधी 'झेडझेड_' लावलं की ते यादीच्या तळाला जातं आणि त्याच्यावर चालणारा प्रोग्राम जागच्या जागी अडतो. कोण बोंब मारतं ते ऐकायचं. कोणी बोंबललं की नाव परत द्यायचं, दोन सेकंदांचं काम.

पहिल्या फेरीत १८४ टेबलं. त्यातली बहुतेक 'बॅकअप', 'टेंप', 'ओल्ड' अशा शेपट्यांची. कोणीतरी काम करण्याआधी टेबलाची प्रत काढून ठेवलेली आणि मग विसरून गेलेला. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला त्या आठवड्यातल्या एकट्या प्रती ३१.

वापर मोजायचा दुसरा मार्गही पाहिला. सर्व्हर स्वतः कोणत्या टेबलाला किती वेळा हात लागला ते मोजत असतो, कोणता इंडेक्स (नोंद पटकन सापडावी म्हणून ठेवलेली सूची) कधीच वापरला गेला नाही तेही सांगतो. त्याने ९७ इंडेक्स बिनकामाचे दाखवले. खूश झालो. मग लक्षात आलं, रविवारी दुपारी लाईट गेली होती आणि यूपीएसने दहा मिनिटांत मान टाकली होती. सर्व्हर पुन्हा सुरू झाला की ही मोजणी शून्यावरून सुरू होते. म्हणजे 'कधीच वापरला नाही' याचा अर्थ 'रविवार दुपारपासून वापरला नाही'. टेबलात शेवटचा बदल कधी झाला ती तारीखही तशीच पुसली जाते. इंडेक्सना आज हात लावला नाही.

१६ एप्रिल, बुधवार

सकाळी ९.१० ला पहिली बोंब. कॅरेट परत आल्याची नोंद होईना. टेबलाचं नाव 'टेंप२'. २०१३ पासून फर्मचे सगळे कॅरेट टेंप२ मध्ये आहेत. नाव परत दिलं.

११.३० ला दुसरी. आबांच्या मोबाईलवर रोजचा भाव दिसेना. तेही परत.

दुपारनंतर शांतता.

१९ एप्रिल, शनिवार

तीन दिवस फक्त गावांची नावं. इथे थोडं सविस्तर लिहून ठेवतो, पुढच्या माणसाला कामी येईल.

गाव हा कॉलम टायपिंगचा आहे, यादीतून निवडायचा नाही. त्यामुळे एकाच गावाची दहा-दहा रूपं. वाघोदा बुद्रुक घ्या. वाघोदा बु., वाघोदे बु॥, वाघोदा बु (टिंबाशिवाय), मोठा वाघोदा, मो. वाघोदा. हे सगळं एकच गाव. पण 'वाघोदा' एवढंच लिहिलेले २२ शेतकरी आहेत, त्यातले मोठ्याचे किती आणि लहान वाघोद्याचे, म्हणजे खुर्दचे किती? कॉम्प्युटर हे सांगू शकत नाही. नानांनी सांगितलं, १९ जणांचं तोंडावर, तिघांना फोन लावून. खिर्डी बुद्रुक आणि खिर्डी खुर्दची तीच कथा. एदलाबाद अजून एदलाबादच आहे, मुक्ताईनगर वेगळं. शहादे-तळोद्याचे व्यापारी धुळे जिल्ह्यात बसलेत. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला वेगळा झाला, फर्मचा डेटाबेस त्यानंतर अकरा वर्षांनी जन्मला. जुन्या वहीवरून जसंच्या तसं उतरवलं असणार.

खरी गंमत बऱ्हाणपूरची. व्यापाऱ्यांच्या यादीत ते सहा वेळा होतं. 'बुऱ्हाणपूर', 'बुरहानपूर' आणि रफार दिलेलं 'बर्हाणपूर' ही तीन डोळ्यांना वेगळी दिसत होती. उरलेली तीन पडद्यावर हुबेहूब सारखी: बऱ्हाणपूर, बऱ्हाणपूर, बऱ्हाणपूर. क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, तिघांना वेगळं मानते. भिंग लावून पाहिलं तरी फरक दिसणार नाही.

आतली अक्षरं सुटी करून पाहिली. आपला हा पोटाला चंद्रकोर लावलेला र युनिकोडमध्ये तीन वाटांनी येतो. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर आहे, क्रमांक यू+०९३१, त्याला हलन्त. दोन, साधा र, त्याखाली नुक्ता, मग हलन्त. तीन, साधा र, हलन्त आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह. कोणता कीबोर्ड काय उमटवतो त्यावर अवलंबून. ताईचा कीबोर्ड एक टाकतो, नानांचा जुना दुसरा, मोबाईल तिसरा. पहिल्या दोन वाटा युनिकोड स्वतःच एक मानतं. एनएफसी नावाचं प्रमाणीकरण चालवलं की दुसरी पहिलीत विरघळते. तिसरी विरघळत नाही.

मी हुशारी केली. म्हटलं, अदृश्य चिन्हं तशीही कचराच, सगळ्या टेबलातून उडवून टाकू. चाचणीच्या प्रतीवर चालवलं. तिसरं बऱ्हाणपूर रफाराचं 'बर्हाणपूर' होऊन बसलं, आणि त्याच्यासोबत ३४० गिऱ्हाइकं 'गिर्हाइकं' झाली. ते अदृश्य चिन्हच त्या र ला चंद्रकोर देत होतं. आता क्रम असा ठेवलाय: आधी र, हलन्त, जोडचिन्ह ही तिकडी शोधून तिथे ऱ आणि हलन्त बसवायचं. मग उरलेली अदृश्य चिन्हं काढायची. मग एनएफसी. उलट क्रमाने करू नये.

२०१२ च्या आधीच्या नोंदी याहून विचित्र. तेव्हा इथे युनिकोड वापरात नव्हतं, प्रोग्राम मराठी फॉन्ट लावून इंग्रजी अक्षरं साठवायचा. फॉन्ट गेला आणि नावांच्या जागी मुंग्या उरल्या. बदलायचा तक्ता केला, पण त्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाईप केलेली असते आणि रफार नंतर. दोन्ही उचलून योग्य जागी न्यावे लागतात. ४,१०० नावांपैकी ३,८०० सुधारली. बाकीची ताई हाताने करतेय.

आता गावाचा कॉलम टायपिंगचा राहणार नाही. सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक गावाला क्रमांक आहे, तोच घेतला. बुद्रुकचा वेगळा, खुर्दचा वेगळा, भांडण मिटलं.

२३ एप्रिल, बुधवार

दुबार खाती. पार्टी मास्टरमध्ये ११,००० शेतकरी, खरे साडेसहा हजारांच्या आसपास असावेत. नावावरून जुळवणं या भागात वेडेपणा. एकाच गावात एकाच नावाचे, एकाच आडनावाचे चार पाटील सहज निघतात, आणि दोघांच्या वडिलांचंही नाव एक. आधीच्या ऑपरेटरने 'शेरा' कॉलममध्ये लिहून ठेवलंय: 'टाकीजवळचे', 'विहीरवाले', 'उंच'. हसलो होतो, पण याच शेऱ्यांनी वाचवलं. 'उंच' आणि 'विहीरवाले' एक करून टाकले असते तर एकाची पट्टी दुसऱ्याच्या खात्यात गेली असती आणि मला तापी ओलांडून परत येता आलं नसतं.

नियम ठरवला: बँक खाते आणि मोबाईल दोन्ही जुळले तरच आपोआप एक. एकच जुळलं तर नानांपुढे कागद. काहीच नाही तर जैसे थे. आणि जुनं खातं पुसायचं नाही. जुना क्रमांक कोणत्या नव्यात गेला याचं एक टेबल ठेवायचं, म्हणजे २०१५ ची पट्टी घेऊन कोणी आला तरी सापडेल.

व्यापाऱ्यांत वेगळाच पेच. जीएसटी क्रमांकाची १५ अक्षरं, पहिले दोन अंक राज्याचे, पुढची १० पॅनची. पॅन जुळलं की एकच माणूस, असं मी धरलं होतं. एका व्यापाऱ्याची नोंदणी रावेरलाही आहे आणि बऱ्हाणपूरलाही. पॅन एकच, पण एक क्रमांक २७ ने सुरू होतो, दुसरा २३ ने. माणूस एक, खाती दोनच हवीत, नाहीतर महाराष्ट्राचा आणि मध्य प्रदेशाचा हिशेब एकत्र होईल.

२६ एप्रिल, शनिवार

शेतकऱ्यांना गेलेल्या मेसेजचं टेबल: २ कोटी १० लाख ओळी, ६० जीबी. वजन आणि भावाचे मेसेज, २०१६ पासून. सीए म्हणाले, हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावीच लागतात, पण मेसेज हा हिशेब नाही, पट्टी हा हिशेब. आबा म्हणाले, दोन वर्षांचे ठेव, भांडणात लागतात.

नवख्यासारखं 'डिलीट' लावायचं नाही. दोन कोटी ओळी एका दमात पुसायला घेतल्या तर प्रत्येक ओळीची जुनी प्रत बदल परत फिरवण्यासाठीच्या अनडूमध्ये जाते, बिनलॉगमध्येही पडते, डिस्क आधी भरते. आणि सगळं पुसून झालं तरी फाईल तेवढीच राहते, आतून पोकळ. उलटं केलं: रिकामं टेबल, त्यात दोन वर्षांच्या ओळी उतरवल्या, नावांची अदलाबदल केली, जुनं टेबल अख्खंच काढलं. पाऊण तास लागला, त्यातली पंधरा मिनिटं मी नुसता पंख्याखाली बसून होतो.

आज पट्टी सहा सेकंदांत निघाली. याचं श्रेय निव्वळ मेसेज काढण्याला नाही. पट्टी निघताना दर वेळी एका जुन्या ट्रिगरमधून, म्हणजे आपसूक चालणाऱ्या आज्ञेतून, मेसेजचं टेबल वरून खालपर्यंत वाचलं जात होतं, 'हा मेसेज आधी गेला का' ते बघायला. एक इंडेक्स नव्हता, तो घातला. ९७ बिनकामाचे दिसत होते आणि हवा तो नव्हता.

२८ एप्रिल, सोमवार

मशीन बदलण्याचा दिवस ठरला: ३० तारीख, आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया. कटाईचे मजूर गावी, ट्रक बंद, ऑफिस बंद. वर्षात असा मोकळा दिवस पुन्हा मिळणार नाही. नव्या मशीनवर मायएसक्यूएल ८.०. 'झेडझेड_' लागलेली टेबलं तिकडे न्यायचीच नाहीत. पहिल्या दोन बोंबांनंतर बारा दिवसांत कोणी बोंबललं नाही.

३० एप्रिल, बुधवार. आखाजी

सकाळी सहाला पोचलो. शेजारच्या वाड्यात कडुलिंबाला झोका बांधलेला, माहेरवाशिणी आलेल्या, गाणी सुरू. आत मी आणि दोन डेस्कटॉप.

डंप ४० मिनिटं, रिस्टोअर दोन तास. अडथळे असे. एका टेबलात 'रँक' नावाचा कॉलम, ८.० मध्ये तो राखीव शब्द झालाय, दोन क्वेरींमध्ये उलटी अवतरणचिन्हं टाकावी लागली. पट्टी छापणारा जुना प्रोग्राम आत शिरेना, कारण ८.० ची पासवर्डची पद्धत त्याला कळत नाही. त्याच्या युजरला जुनी पद्धत लावून दिली. गाववार अहवाल विस्कटला: ५.७ गटवारी करताना आपसूक क्रम लावायचं, ८.० लावत नाही. क्रमाची ओळ घातली. १ वाजता सगळं चालू. पट्टी: एक सेकंद. आबांच्या घरून पुरणाचे मांडे आणि आमरस आला. जुनं मशीन बंद केलं आणि दार लोटून घेत होतो.

तेवढ्यात नाना. सुट्टीच्या दिवशी, धोतर-टोपीत. मागे ओट्यावर अकरा माणसं बसलेली.

"दादा, सालदारांची बाकी निघत नाही."

त्यांच्या कॉम्प्युटरवर एक्सेलची फाईल आहे, 'सालदार' नावाची. उघडली की डेटाबेसमधून मागच्या वर्षीची बाकी येते. पहिल्या प्रोग्रामरने करून दिलेली. आबांच्या मळ्यातल्या सालदारांचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्यांचं, साल आखाजीला संपतं आणि आखाजीलाच नवं ठरतं. मागची उचल किती फिटली, किती राहिली, हे बघितल्याशिवाय बोलणं सुरूच होत नाही. फाईल वर्षातून एकदा उघडते, आज.

टेबलाचं नाव विचारायची गरज नव्हती. एसयू. सालदार उचल. ३ मे २०२२, २२ एप्रिल २०२३, १० मे २०२४: भिंतीवरचं कालनिर्णय काढून पाहायचीही गरज नव्हती. तिन्ही आखाज्या. तिथीला ताळमेळ होता, मी तारखेत शोधत होतो.

आणि मी काही पुण्या-मुंबईहून आलेला नाही. माझ्या आजोबांच्या ओसरीवर आखाजीच्या दुपारी हेच व्हायचं. सालदार खांबाला टेकून बसायचा, आजोबा वही उघडायचे, आम्ही पोरं आंब्याच्या कोया चोखत ऐकायचो. किती पोती ज्वारी, किती रोख, कपड्याचे किती जोड. हे मला माहीत होतं आणि तरी मी 'आखाजीला कोणाला काय लागणार' म्हणून हाच दिवस निवडला.

जुनं मशीन पुन्हा सुरू केलं. ते उठायला सात मिनिटं लागली. तेवढा वेळ नाना काही बोलले नाहीत, ओट्यावरच्यांना पाणी दिलं. टेबल नव्या मशीनवर आणलं, नाव परत दिलं, एक्सेलला नवा पत्ता दिला. बाकी निघाली. एक जण मला म्हणाला, "साहेब, कमी नाही का निंघत काही?" सगळे हसले. मी नाही.

२ मे, शुक्रवार

'झेडझेड_' मधली राहिलेली १८१ टेबलं एकेक करून पुन्हा उघडली. या वेळी नाव नाही वाचलं, आतल्या तारखा वाचल्या. नानांसमोर कॅलेंडर घेऊन. पोळ्याच्या आसपास हालचाल असलेलं एक निघालं, बैलजोडीच्या झुली-दोराच्या खर्चाचं. आणखी एक दर दोन-तीन वर्षांनी जागं होणारं: वादळाने बाग आडवी झाली की पंचनाम्यासाठी गटनंबरवार झाडांची संख्या. शेवटची नोंद २०२२ ची. हे तर बोंब-परीक्षेत पंधरा महिने ठेवलं असतं तरी सापडलं नसतं.

टीबीएल_एसयू धरून तीन परत घेतली. प्रत्येक टेबलाला मायएसक्यूएलमध्ये शेरा लिहायची सोय आहे, आजवर इथे कोणी वापरली नव्हती. टीबीएल_एसयूला लिहिलं: 'आखाजीला लागतं. नानांना विचारल्याशिवाय हात लावू नये.'

१९ मे, सोमवार

६१२ वरून ७४ टेबलं. २४० वरून ३८ जीबी. रात्रीचा डंप शेपटीची ओळ तपासतो, नसेल तर आबांच्या मोबाईलवर मेसेज. दर सोमवारी ताई चाचणीच्या मशीनवर रिस्टोअर करून मागच्या आठवड्याची बेरीज जुळवते. आज तिने एकटीने केलं.

जुनं मशीन विकायचं म्हणत होते. पुढच्या आखाजीपर्यंत ठेवा म्हटलं. ते आता कपाटात आहे, कॅरेटच्या पावत्यांच्या गठ्ठ्याखाली.

वॅगनचं टेबल कोणालाच लागत नाही. २०१४ नंतर एकही नोंद नाही, कुठला अहवाल त्याला हात लावत नाही, तारखांत कुठली तिथी नाही, मी तीनदा पाहिलं. नानांना विचारलं, काढू का? ते म्हणाले, "किती जागा खातं?" म्हटलं, चार एमबी.

"मंग राहू दे."

राहू दिलं. ७४ मध्ये ते धरलेलं आहे.